आमच्या मुलांच्या नावाने धावणाऱ्या बडोदेकरांना खुले पत्र

प्रति,
बडोद्यातले धावण्याचे सर्व ग्रुप, ऑटिझमसाठी दौड भरवणारे आयोजक आणि त्यांना प्रायोजक म्हणून पैसा पुरवणाऱ्या कंपन्या

सप्रेम नमस्कार.

२ एप्रिल हा जागतिक ऑटिझम जागरूकता दिवस. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००७ च्या डिसेंबरात तसा ठराव केला आणि २००८ पासून तो पाळला जातो. त्या निमित्ताने निळे टीशर्ट घालून दौड काढायची पद्धत आता आपल्याकडेही रुळली आहे. शिवाय थंडीतल्या मॅरेथॉनला कुणी ना कुणी ऑटिझमसाठी देणग्या गोळा करत धावतंच. मी एका एकोणीस वर्षांच्या स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलाची आई आहे, आणि तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार मानूनच हे पत्र लिहायला घेतलं आहे. रविवारची झोप मोडून, गुडघ्याला पट्टी बांधून, ओळखीपाळखीच्या लोकांकडे पैसे मागून तुम्ही आमच्या मुलांसाठी धावता, ही लहान गोष्ट नाही.

माझी विनंती एकच आहे. ज्यांच्या नावाने दौड आहे त्यांना तिथे येता यावं, टिकता यावं, आणि जमलेला पैसा त्यांच्यापर्यंत पोचावा, अशी ती आखा. पुढे जे लिहिलं आहे तो या विनंतीचाच तपशील आहे. पुढच्या दौडीचे फॉर्म छापायच्या आधी तो तुमच्या हाती पडावा म्हणून आत्ताच लिहिते आहे.

बडोद्यात अशी माणसं किती असतील? जागतिक आरोग्य संघटना बरीच वर्षं साधारण शंभरात एक असा अंदाज देत होती. भारतातल्या पाच भागांत दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची जी मोठी पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यातही आकडा त्याच आसपास निघाला. २०११ च्या जनगणनेत आपल्या शहराची वस्ती १६ लाखांवर होती. म्हणजे ढोबळ हिशेबाने १६ हजार माणसं. एवढी माणसं कमाटीबागेत, मांडवीत, खंडेराव मार्केटात आपल्या नजरेला पडायला हवीत. पडत नाहीत, कारण बहुतेक घरातच आहेत. लहान असतात तोवर आईचं बोट धरून थेरपीला जाताना तरी दिसतात. मिसरूड फुटलं, अंगापिंडाने वाढली, की लोक वळून बघायला लागतात आणि घरचे त्यांना बाहेर नेणं कमी करतात. तुमची दौड सकाळी दोन तासांत हजारो लोकांसमोरून जाते. आमच्या मुलांना शहरासमोर आणण्याची एवढी ताकद दुसऱ्या कशात नाही, आणि म्हणूनच तिच्याकडून माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत.

आता सुरुवातीच्या रेषेबद्दल. आमची बहुतेक मुलं तिथूनच परत फिरतात.

पहाटे साडेपाचला मैदानावर काय असतं ते तुम्हाला चांगलं माहीत आहे. स्टेजच्या दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर. डीजे. माइकवरचा सूत्रसंचालक 'आवाज येत नाही, आणखी जोरात' म्हणत असतो. वॉर्मअपला झुंबा. हवा भरलेली कमान, आणि तिच्या पायाशी एकसारखा घूं घूं करणारा ब्लोअर. तो ब्लोअर तुमच्या लक्षातही येत नसेल. माझ्या मुलाला स्पीकरच्याही आधी तोच ऐकू येतो. स्वमग्न माणसाचा मेंदू आवाज, प्रकाश आणि स्पर्श वेगळ्या रीतीने घेतो. कुठल्या आवाजाकडे लक्ष द्यायचं आणि कुठला सोडून द्यायचा, ही निवड आपल्यात आपोआप होते. अनेक स्वमग्न माणसांत ती होत नाही, सगळं एकाच जोराने अंगावर येतं. त्यात नवा कोरा टीशर्ट, मानेला लेबल टोचणारा. त्यावर चार सेफ्टी पिनांनी लावलेला बिब, म्हणजे धावणाऱ्याच्या नंबराचा कागद, प्रत्येक पावलाला चुरचुर वाजणारा. मागून अनोळखी लोकांचे धक्के. आणि सहाची वेळ दिलेली असताना पाहुणे पोचले नाहीत म्हणून सव्वासहा, मग साडेसहा. हा शेवटचा भाग तुम्हाला सगळ्यात किरकोळ वाटेल. आमच्यासाठी तोच सगळ्यात अवघड असतो. आदल्या रात्रीपासून 'सहा वाजता धावायचं' हे वाक्य मुलगा मनात धरून बसलेला असतो. सहा म्हणजे सहा.

अशाच एका दौडीत माझा मुलगा दोन्ही हातांनी कान दाबून खाली बसला आणि ओरडायला लागला. दौड ऑटिझमच्या जागरूकतेसाठी होती. भोवतालचे निळे टीशर्टवाले सगळे भले लोक होते. कुणी पाण्याची बाटली पुढे केली, कुणी पाठीवरून हात फिरवला, कुणी 'ऊठ, शाब्बास, यू कॅन डू इट' म्हणून टाळ्या वाजवल्या, आणि प्रत्येक गोष्टीने त्याचा त्रास वाढत गेला. एक बाई हळूच म्हणाल्या, 'फार लाडावलाय.' लाडाने असं होत नाही. हट्ट करणाऱ्या मुलाला काहीतरी हवं असतं आणि ते मिळालं की हट्ट थांबतो. इथे काहीच नको असतं, फक्त ते सगळं थांबायला हवं असतं. त्या वेळी करायचं ते इतकंच: गर्दी बाजूला करा, बोलू नका, हात लावू नका, आणि थांबा. पाच मिनिटं लागतील, पंधरा लागतील.

त्या आयोजकांवर माझा राग नाही. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून मी सांगते आहे.

कारण हाच मुलगा रोज पहाटे घराजवळच्या मैदानावर धावतो. बाहेरच्या कडेने, नेहमी एकाच दिशेने. कोपऱ्यातल्या कडुनिंबापाशी आला की उजव्या हाताची दोन बोटं खोडाला टेकवतो, फेरीचा आकडा मोठ्याने म्हणतो आणि पुढे जातो. आकडे गुजरातीत म्हणतो, एक, बे, त्रण, कारण ते त्याला शेजारच्या बांनी, म्हणजे गुजराती आजींनी, शिकवले. कडुनिंबाखाली कुणी स्कूटर लावली असेल तर तो तिथेच उभा राहतो, स्कूटर हलेपर्यंत. फिरायला येणाऱ्या एका काकांना हे आता ठाऊक झालं आहे. ते कुणी न सांगता स्कूटरला धक्का देऊन ती दोन हात पुढे सरकवतात, त्याच्याशी एक शब्दही न बोलता, आणि आपल्या चालीने निघून जातात. जागरूकता म्हणून मला जे हवं आहे ते या काकांकडे पूर्ण आहे.

धावणं आमच्या अनेक मुलांना मानवतं, आणि त्याला कारण आहे. क्रिकेटमध्ये खुणा समजाव्या लागतात, फुटबॉलमध्ये पास देताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागतं, डाव केव्हा बदलला ते ओळखावं लागतं. धावण्यात तेच पाऊल पुन्हा, तोच रस्ता पुन्हा. तळव्याला जमीन लागते, श्वासाला लय येते, बोलावं लागत नाही. धावल्यानंतर एकाच प्रकारच्या हालचाली पुन्हापुन्हा करणं काही काळ कमी होतं, असं १९८० च्या दशकापासूनच्या अभ्यासांत दिसत आलं आहे. मला स्वतःला त्या हालचाली कमी होण्याचं फारसं अप्रूप नाही. हात फडफडवल्याने कुणाचं काही बिघडत नाही, त्याला बरं वाटतं. पण ज्या दिवशी तो धावतो त्या रात्री झोपतो, आणि घरही झोपतं. याचं मोल ज्या घरात वर्षानुवर्षं रात्री जागून काढल्या आहेत त्यांनाच कळेल.

मायकी ब्रॅनिगन या अमेरिकन स्वमग्न धावपटूने २०१६ च्या रिओ पॅरालिंपिकमध्ये १५०० मीटरमध्ये सुवर्णपदक जिंकलं, आणि त्याच वर्षी एक मैल अंतर चार मिनिटांच्या आत धावून दाखवलं. आपल्याकडे मुंबईची जिया राय ही स्वमग्न मुलगी २०२२ मध्ये पाल्कची सामुद्रधुनी आणि २०२४ मध्ये इंग्लिश खाडी पोहून गेली. ही नावं तुमच्या स्टेजवरून जरूर घ्या. पण जपून घ्या. समोर बसलेल्या एखाद्या आईचा मुलगा अजून बुटाची नाडी बांधू शकत नसेल, तीन किलोमीटरही चालू शकत नसेल. त्यानेही यावं, अर्ध्या वाटेवरून परत फिरावं, आणि त्यालाही कुणी कमी लेखू नये. पदकाच्या आशेवर मान मिळत असेल तर आमच्यातल्या बहुतेकांना तो कधीच मिळणार नाही.

तर करायचं काय? खर्च फार नाही, विचार मात्र आधी करावा लागेल.

मुख्य दौड सहाला असेल तर साडेपाचला एक शांत सुरुवात ठेवा. माइक बंद, डीजे बंद, ब्लोअर बंद, कमान नसली तरी चालेल, रस्त्यावर चुन्याची एक रेष पुरे. शिट्टीऐवजी हात खाली आणून सुरुवात करा. आणि दिलेली वेळ पाळा. पाहुणे आले नाहीत तरी पाळा. लांबच लांब मार्गापेक्षा एक किलोमीटरची फेरी बरी, ज्याला जितक्या जमतील तितक्या त्याने माराव्यात. कमाटीबागेतले आतले रस्ते पहाटे यासाठी उत्तम आहेत. इतक्या वेळात संपवलंच पाहिजे अशी कट-ऑफ वेळ नको. बिब छातीवरच हवा असं नाही, पाठीवर, कमरेच्या पट्ट्यावर किंवा सोबत धावणाऱ्याच्या अंगावर चालेल. टीशर्टची सक्ती नको. माझा मुलगा पाच वर्षं वापरून मऊ झालेला एकच टीशर्ट घालून धावतो. तो राखाडी आहे, निळा नाही. मेडल गळ्यात घालायला जाऊ नका, हातात द्या. नको म्हणाला तर आईकडे द्या.

सुरुवात कुठून, पाणी कुठे, स्वच्छतागृह कुठे, शेवट कुठे, यांचे फोटो आठ दिवस आधी पालकांना पाठवा. नकाशा नको, फोटो हवेत, त्याच जागेचे. आम्ही ते क्रमाने चिकटवून मुलांना रोज दाखवतो. न पाहिलेली जागा म्हणजे भीती आणि पाहिलेली जागा म्हणजे निम्मं काम झालं, असा आमचा सगळ्यांचा अनुभव आहे. एक तंबू स्पीकरपासून लांब, सावलीत, आत दोन सतरंज्या आणि आत बोलायचं नाही एवढा एकच नियम.

सोबत धावणाऱ्याची फी घेऊ नका. स्वमग्न मुलगा एकटा धावत नाही, कुणीतरी पाच पावलं मागे असतं, आणि ती बहुधा आई असते. मीही अशीच धावायला लागले. पण प्रत्येक आईचे पाय साथ देत नाहीत, आणि बापाला शिफ्ट असते. इथे तुमचे ग्रुप फार मोठं काम करू शकतात. प्रत्येक ग्रुपमधल्या चार-पाच जणांनी एकेका मुलाची सोबत पत्करायची. दौडीच्या दिवशीच भेटून उपयोग नाही, आधी दोन-तीन महिने आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच मैदानावर यायला हवं. शिकण्यासारखं फार नाही. मागून हात लावायचा नाही. वाक्य लहान ठेवायचं आणि उत्तराची वाट बघायची, मनात दहा अंक मोजेपर्यंत. 'चल चल, जोरात' करायचं नाही. तो थांबला तर आपणही थांबायचं. महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजकार्याची फॅकल्टी आहे, मानव विकासाचा विभाग आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना यात घेतलं तर त्यांनाही पुस्तकाबाहेरचं शिकायला मिळेल.

सुरक्षेची एक गोष्ट मात्र कृपा करून हलक्यात घेऊ नका. आमच्यातली काही मुलं डोळा चुकवून निघून जातात, आणि पाण्याची त्यांना विलक्षण ओढ असते. काळ्या घोड्याजवळचा विश्वामित्रीचा पूल मार्गावर असेल किंवा सुरसागरची पाळ असेल, तर तिथे नुसता झेंडा धरलेला मुलगा उभा करून भागणार नाही. विश्वामित्रीत मगरी आहेत हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. दोन्ही कडांना दोन-दोन मोठी माणसं हवीत, आणि मूल रस्ता सोडून निघालं तर ओरडत मागे धावायचं नाही, पुढून आडवं येऊन वाट अडवायची, हे त्यांना आधी सांगितलेलं हवं.

आणि स्टेजवर आमच्या मुलांना रांगेने उभं करू नका. फोटो काढायच्या आधी विचारा. मुलाला बोलता येत नसेल तर आईबापांना विचारा, आणि ते नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका.

जागरूकतेच्या मजकुराबद्दल थोडंच लिहिते. ऑटिझम हा जन्मापासूनचा, मेंदूच्या विकासातला फरक आहे. आईने लक्ष दिलं नाही म्हणून तो होत नाही. गेल्या शतकाच्या मध्यावर काही मोठ्या डॉक्टरांनी तसं म्हटलं होतं, ते केव्हाच मागे पडलं. आमच्याकडच्या हळदीकुंकवात मात्र अजून तेच ऐकू येतं. लसीने होत नाही, लसीशी संबंध जोडणारा १९९८ चा लेख छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१० मध्ये तो मागे घेतला. स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन बरं करतो म्हणणाऱ्यांचे बॅनर दौडीच्या मार्गावर लावू देऊ नका. ऑटिझमवर तो उपचार म्हणून वापरू नये असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच सांगितलं आहे, आणि त्यासाठी घरं गहाण टाकलेले पालक मी पाहिले आहेत. 'ऑटिझमशी लढा' असंही लिहू नका. माझा मुलगा ते वाचतो. त्याला वाचता येतं.

त्यापेक्षा बिबच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कामाचं काही छापा. मूल दीड वर्षाचं झालं तरी नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, आलेले शब्द पुन्हा गेले असतील, तर 'मुलगे उशिरा बोलतात' म्हणून थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. गुजराती, मराठी आणि हिंदीत छापा. हजारो बिब हजारो घरांत जातात. त्यातल्या एखाद्या घरात असं मूल नक्की असतं आणि तिथली आजी 'याचा बापही तीन वर्षांनी बोलला' म्हणत असते.

आता पैशाकडे येते. संकोच वाटतो, पण लिहिणं भाग आहे.

मोठ्या शहरांच्या मॅरेथॉननी समाजकार्यासाठी पैसा उभा करण्याची रीत घालून दिली आहे. लंडनमध्ये १९८१ पासून, मुंबईत २००४ पासून शर्यत होते, धावणारा आपली संस्था निवडतो, नातेवाइकांकडे देणगी मागतो आणि संस्थेला ती मिळते. तिथे प्रवेश फी वेगळी आणि देणगी वेगळी. आपल्याकडच्या लहान दौडींत ही दोन्ही खाती पुष्कळदा एक होतात. 'ऑटिझमसाठी धावा' वाचून माणूस फी भरतो आणि ती पूर्ण मुलांकडे गेली असं समजतो. टीशर्ट, मेडल, टायमिंग चिप, स्टेज, नाश्ता, रुग्णवाहिका यांना पैसे लागतात हे कुणालाही पटेल. म्हणून फॉर्मवरच लिहा: फीतले इतके रुपये खर्चाला, इतके कामाला, आणि काम ते कोणतं. देणगीची पावती प्राप्तिकरात सूट मिळणाऱ्या नोंदणीकृत संस्थेचीच द्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सूट मिळत नाही, हेही लोकांना आधीच सांगा. दौड झाल्यावर महिन्याभरात जमाखर्च सगळ्यांना कळवा. मला शंका कुणावरच नाही. हिशेब उघडा असला की पुढच्या वर्षी देणारा दुप्पट देतो, एवढंच.

तो पैसा जावा कुठे, याबद्दल माझं मत ठाम आहे. लहान मुलांच्या थेरपीला आज थोडेफार देणारे मिळतात. लहान मूल गोड दिसतं, पोस्टरवर त्याचा फोटो शोभतो. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या, सहा फूट उंच, दाढी आलेल्या स्वमग्न माणसासाठी कुणी काही देत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ऑटिझमला २१ प्रकारांत जागा दिली आणि सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. ज्या संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सगळ्या मुलांना शाळा सक्तीची आणि मोफत केली, त्याच्याच राजधानीत माझ्या मुलाला एका शाळेने 'इतर पालक तक्रार करतात' म्हणून घरी पाठवलं तेव्हा हा कायदा व्हायचा होता. आता कायदा आहे, ही चांगलीच गोष्ट झाली. पण अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्याने जायचं कुठे? शाळा संपली, मुलांचं थेरपी सेंटर मोठ्यांना घेत नाही, आणि दिवस सोळा तासांचा असतो.

म्हणून माझी मागणी अशी. जमलेल्या पैशातला मोठा वाटा मोठ्यांच्या दिवसासाठी ठेवा. एक कार्यशाळा, जिथे आठ-दहा स्वमग्न तरुण रोज ठरलेल्या वेळी येतील, फाइली लावतील, पाकिटं भरतील, रोपं लावतील, आणि संध्याकाळी मैदानावर फेऱ्या मारतील. आणि त्याच्याही आधी आईबापांना श्वास घेण्याची सोय. आठवड्यातून एक संध्याकाळ मुलाजवळ बसेल असं शिकलेलं, विश्वासाचं माणूस. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला मुलाच्या जन्मापासून लग्नाला, मयताला, कुठेच एकत्र जाता आलेलं नाही, एक जातो, एक थांबतो. त्यांना एक संध्याकाळ मिळावी. यावर फलक लावता येत नाही, फीत कापता येत नाही, म्हणून याला देणगीदार मिळत नाहीत. तुम्ही व्हा.

शिवाय कागदपत्रांचं काम आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली आमच्या मुलांसाठी 'निरामय' ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमता येतो, त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. किती घरांना हे माहीत आहे? रावपुऱ्यात, दांडिया बाजारात, आमच्याच मराठी घरांत मी विचारलं तर बहुतेकांनी 'हे काय?' म्हणून उलट विचारलं. दौडीच्या दिवशी नाश्त्याच्या टेबलाशेजारी एक टेबल मांडा, तिथे फॉर्म भरून देणारे दोन जण बसवा. एका सकाळी कितीतरी घरांची कामं मार्गी लागतील.

कंपन्यांना वेगळं सांगते. आपल्या शहराभोवती तेल, खतं, औषधं, ट्रान्सफॉर्मर, यंत्रं यांचे मोठे कारखाने आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायला सांगितलं. मॅरेथॉनसारखा एक दिवसाचा कार्यक्रम त्यात धरता येणार नाही, असं केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं होतं. मला तो विचार योग्य वाटतो. दौडीला तुमचा फलक लावा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण खरा पैसा वर्षभर चालणाऱ्या कामाला द्या. आणि नोकरी द्या. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी चार टक्के जागा राखीव आहेत, त्यातल्या एका टक्क्यात ऑटिझम इतर काही प्रकारांबरोबर येतो. खाजगी कारखान्यावर तशी सक्ती नाही. पण स्टोअरमध्ये भागांचे नंबर जुळवणं, त्याच क्रमाने, न कंटाळता, न चुकता, हे काम माझ्या मुलासारखे काही तरुण तुमच्या कुठल्याही माणसापेक्षा बरं करतील. एकाला घेऊन बघा.

आणि एक मागणं आपल्या मराठी मंडळांकडे, व्यायामशाळांकडे. प्रो. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराने या शहराला व्यायामाची गोडी लावली. अंग कमावणं ही मोजक्यांची चैन नसून सगळ्यांचा हक्क आहे, ही जाण बडोद्यात जुनी आहे. तुमच्या मैदानांवर, आखाड्यांत, हॉलमध्ये आठवड्यातून एक तास आमच्या मुलांसाठी ठेवा. शांत, गाण्यांशिवाय, नेहमी त्याच वारी, त्याच वेळी. नवरात्रात नऊ रात्री आणि गणपतीत दहा दिवस आम्ही दारं-खिडक्या लावून बसतो किंवा गाव सोडून जातो. सण बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही, मलाही गरबा आवडतो. वर्षातून एवढे दिवस आम्ही आत बसतो, तर आठवड्यातून एक तास बाहेर मिळावा, इतकंच मागते आहे.

आम्ही काही पालक मिळून आमच्या बाजूची तयारी केली आहे. कोणत्या मुलाला काय चालतं आणि काय चालत नाही याची एकेका पानाची माहिती लिहून ठेवली आहे. सोबत धावणाऱ्यांसाठी एका तासाची शिकवणी आम्ही स्वतः घेऊ, फुकट. मार्गाचे फोटो आम्ही काढू. शांत तंबूत आळीपाळीने आम्ही बसू. तुमच्या पुढच्या बैठकीला आमच्यातल्या दोघांना बोलवा, मार्ग ठरायच्या आधी, स्पीकरची ऑर्डर जायच्या आधी. बैठक संध्याकाळी सातनंतर ठेवलीत तर बरं पडेल, तोवर मुलांचं जेवण उरकलेलं असतं आणि घरी कुणीतरी आलेलं असतं.

आपली नम्र,
एक आई
दांडिया बाजार, बडोदे